एकशेवीस तासांचा क्युरेटर

सुरतेत मुलगा काय शिकतो हे कोणी विचारत नाही, कुठे बसतो ते विचारतात. मार्केटात बसतो, हिऱ्यात बसतो, सीएकडे बसतो. त्यामुळे नव्या शैक्षणिक धोरणानं पदवीच्या पोरांच्या मानगुटीवर इंटर्नशिप बसवली, तेव्हा हे शहर मुळीच हबकलं नाही. ३० तासांचं एक क्रेडिट, चार क्रेडिटांचे १२० तास. एवढे तास इथला पोरगा दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या दुकानात ताके मोजण्यात घालवतोच. मामा लेटरहेडवर सही करतो, कॉलेज शिक्का मारतं, अहवाल मागच्या वर्षीच्या मुलाकडून मिळतो. विषय मिटला.

आमच्या डिंडोलीच्या बिल्डिंगीत मात्र एकानं ही भानगड मनावर घेतली. तो खेळाच्या इतिहासाच्या संग्रहालयात इंटर्नशिप करून आला. तेव्हापासून त्याचं पाळण्यातलं नाव रेशनकार्डापुरतं उरलंय. वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्याला 'इंटर्न' म्हणतात, आणि तो ओ देतो.

अशी मुलं आता गावोगाव एखाद-दुसरी दिसायला लागली आहेत. ओळखायला सोपी असतात. खिशात पेन नसतं, पेन्सिल असते, कारण वस्तूजवळ शाई न्यायची नाही. काहीही बघायचं झालं की दोन्ही हात आधी पाठीमागे जातात. हॉटेलात गेलं तरी पदार्थाआधी पाटी वाचतात. आणि 'जुनं' हा शब्द ती कधीच वापरत नाहीत. 'साधारण १९६० ते ७०च्या दरम्यानचं' असं म्हणतात. त्याच्या आईनं फ्रिजमधल्या वरणाबद्दल विचारलं तेव्हासुद्धा त्यानं 'साधारण सोमवार ते मंगळवार' असंच उत्तर दिलं.

सुरतेत खेळाचं संग्रहालय त्याला सापडलं नाही. सुरतेला म्युझियम आहे, चांगलं १८९० सालचं, विंचेस्टर म्युझियम म्हणून सुरू झालेलं आणि आता सरदार पटेलांच्या नावानं सिटीलाइटच्या सायन्स सेंटरात नांदणारं. पण याला खेळच हवा होता. पुण्याच्या सहकारनगरात 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचं संग्रहालय आहे, २०१२ साली सचिन तेंडुलकरच्या हस्ते उघडलेलं. कोलकात्यालाही एक आहे. यानं दाही दिशांना अर्ज सोडले आणि एका ठिकाणाहून 'या' असं उत्तर आलं. ते ठिकाण कोणतं हे मी लिहीत नाही, कारण त्यानं तिथे गोपनीयतेच्या कागदावर सही केली आहे. ही गोष्ट त्यानं बिल्डिंगीतल्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितली आहे.

त्याचे वडील लूम्सच्या कारखान्यात मास्टर. मूळ गाव अमळनेरकडचं, घरात बोलणं अहिराणी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पगार कितला?" पगार नाही म्हटल्यावर अहिराणी सोडून शुद्ध मराठीत म्हणाले, "मग जेवायला तरी घालतात का?"

तिथे त्याला सुरुवातीला एकाही बॅटीला हात लावू दिला नाही. आधी हातमोजे घालायला शिकवले, मग कुठे घालायचे नाहीत ते शिकवलं. सिनेमात दाखवतात ते पांढरे सुती मोजे हे म्हणे अडाण्यांचं काम. धातूला आणि चामड्याला निळे नायट्राइलचे, कागदाला मात्र स्वच्छ धुतलेले कोरडे हात. त्यानंतर यादी. बॅटीची लांबी, रुंदी, वजन, भेगा किती, सही कुठल्या बाजूला, कुठल्या शाईत. प्रत्येक वस्तूला नंबर: आधी साल, मग त्या सालातली कितवी देणगी, मग त्या देणगीतली कितवी वस्तू. नंबर नाही ती अडगळ, नंबर आहे ते संग्रहालय. आता बारकाईनं पाहिलं तर जगातल्या निम्म्या सरकारी कचेऱ्यांचंही तत्त्वज्ञान हेच आहे, पण तो मुद्दा मी त्याच्यापुढे काढला नाही.

परत आला तो सुती नाडीला बांधलेल्या चिठ्ठ्यांचं बंडल घेऊनच. घरात खेळाशी संबंध असलेलं जे काही होतं, त्याला नंबर पडले. आबांची, म्हणजे आजोबांची, लाकडी जोडी. वडिलांचं शाळेतलं शंभर मीटर धावण्याचं प्रमाणपत्र. लेझीम. गल्लीतल्या कोणाकडून तरी आणलेला टेबल टेनिसचा एक पिवळट चेंडू. टेबल टेनिसचं सुरतेला वेड. हरमीत देसाई इथलाच. पण याला वेड खेळाचं नव्हतं, चेंडूच्या साहित्याचं होतं. २०१४नंतर हे चेंडू प्लास्टिकचे झाले, त्याआधीचे सेल्युलॉइडचे. सेल्युलॉइड जुनं झालं की विघटन पावतं, झटकन पेट घेतं, म्हणून ते बाकी वस्तूंपासून वेगळं आणि हवेशीर ठेवायचं असतं. एक बीएचकेत वेगळी आणि हवेशीर जागा एकच होती, गॅलरीतली कांद्याची जाळीची टोपली. दुसऱ्या दिवशी आई कांदा घ्यायला गेली, तर टोपलीला चिठ्ठी: 'ज्वलनशील. हात लावू नये.' ती तिथूनच ओरडली, "आते हाऊ कांदा बी म्युझियमना शे का?"

पण या आईनंच त्याला सगळ्यात मोठा धक्का दिला. भाकरी थापता थापता ती सहज बोलून गेली, की शाळेत असताना ती खो-खोच्या संघात होती आणि संघ जिल्ह्यापर्यंत गेला होता. लग्न होऊन या घरात आल्याला पंचवीस वर्षं होत आली, कोणाला पत्ता नाही. नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही. इंटर्ननं पेन्सिल काढली. ट्रॉफी? शाळेत राहिली. फोटो? मास्तरांनी काढला होता, दिला नाही. प्रमाणपत्र? माहेरचं घर पडलं त्यात गेलं. अखेर त्यानं तिच्या नावाचं एक पान केलं, त्याला नंबर दिला आणि खाली लिहिलं: 'वस्तू उपलब्ध नाही.' मग तिला बरं वाटावं म्हणून इतिहास सांगू लागला: खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं बांधले, १९२४ साली बडोद्याच्या जिमखान्यानं ते छापून काढले. आई म्हणाली, "त्यांना म्हणावं, आमच्या शाळेचं मैदान उताराचं होतं. ते कुठे लिहिलंय का बघ."

आता कापडाची गोष्ट. टोपी, जर्सी, ढाल असलं काही गुंडाळून ठेवायला धुतलेलं, बिनरंगाचं, बिनखळीचं साधं सुती कापड लागतं. इंटर्नला ते दोन मीटर हवं होतं. सुरत म्हणजे कापडाची खाण. रिंग रोडवर एकेका मार्केटात दुकानं इतकी की बापाला पोरगा सापडत नाही. तो माझ्याकडे आला, कारण मी तिथेच एका गाळ्यात वह्या लिहितो. पॉलिस्टर, जॉर्जेट, शिफॉन, क्रेप, रेनिअल, जे मागाल ते. सुती? आमचे शेठ म्हणाले, "आहे ना. प्युअर कॉटन," आणि एक ताका पुढ्यात टाकला. इंटर्ननं हात पाठीमागे घेऊन तो पाहिला. मग कडेचा एक धागा ओढला आणि खिशातली काडेपेटी काढून पेटवला. सूत जळलं की कागद जळाल्याचा वास येतो आणि राख उरते. इथे धागा आक्रसला, वितळला आणि त्याचा काळा टणक मणी झाला. समोर राजकोटची पार्टी बसली होती. पार्टीनं मण्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं आणि चहा अर्धा ठेवून दीड टक्का जास्त वटाव मागितला.

शेठ मोठे दिलदार. रागावले नाहीत, पण त्यांना कुतूहल वाटलं. हा पोरगा नक्की करतो काय? मी सांगितलं. शेठ ऐकत राहिले. "म्हणजे एक बॅट. एकदा वापरलेली. विकायची नाही. भाड्यानं द्यायची नाही. वर एसी लावून सांभाळायची. याला आपल्यात डेड स्टॉक म्हणतात." इंटर्न म्हणाला, "पण शेठ, तो बघायला लोक तिकीट काढतात." शेठ खुर्चीत सावरून बसले. "टिकिट केटलानी?" त्या दिवसानंतर शेठनी गोदामातल्या २००६च्या पुरात भिजलेल्या मालाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली आहे.

कापड अखेर घरातच मिळालं. आजीचं जुनं लुगडं, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन रंग आणि खळ दोन्ही गेलेलं. इंटर्ननं त्यावर आयोडिनचा थेंब टाकला. थेंब निळा झाला नाही, म्हणजे खळ उरलेली नाही. लुगडं उत्तीर्ण झालं. पण ते कापायला आबांनी नकार दिला. मग इंटर्नच्या ध्यानात आलं की लुगडं हीच मुळात वस्तू आहे. त्यालाही नंबर पडला. आता लुगडं कशात गुंडाळायचं, हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

रविवारी आमच्याकडे कोणाच्या तरी घरी सगळे मिळून क्रिकेट बघतात. तिथे इंटर्नला बोलावत नाहीत, पण तो येतो. पॉवर-प्ले चालू असताना हा सांगतो की हिंदुस्थानातल्या क्रिकेटची पहिली लेखी नोंद १७२१ची आहे आणि ती लॉर्ड्सवरची किंवा मुंबईची नाही, आपल्या शेजारची, खंभातच्या आखाताची. इंग्रज खलाशांची तुकडी तिथे पंधरवडाभर अडकून पडली होती. आजूबाजूला कोळ्यांची वस्ती, त्यांची धास्ती. त्यामुळे पहारा ठेवायचा आणि उरलेल्या वेळात रोज क्रिकेट खेळायचं. हे क्लेमेंट डाउनिंग नावाच्या माणसानं लिहून ठेवलंय, पुस्तक छापलं १७३७ साली. आणि गंमत म्हणजे ते पुस्तक क्रिकेटचं नाहीच. त्याच्या लांबलचक नावात आंग्र्यांचा उल्लेख आहे, अर्थातच 'चाचा' म्हणून. म्हणजे इंग्रज आला कान्होजी आंग्र्यांशी लढायला, आणि भारतीय क्रिकेटचा पहिला पुरावा मागे ठेवून गेला. हे सगळं मला मनापासून आवडलं. पण तेवढ्यात विकेट पडली आणि ती कोणालाच दिसली नाही. तेव्हापासून सामना कोणाच्या घरी आहे हे इंटर्नच्या घरी कळवत नाहीत.

संग्रहालयातून त्यानं आणखी एक खोड आणली होती, ती म्हणजे मौखिक इतिहास. मोबाइल समोर ठेवायचा, रेकॉर्डिंग चालू करायचं आणि म्हाताऱ्यांना बोलतं करायचं. आबा तर आयतेच हातात होते. तरुणपणी कबड्डी खेळायचे. खानदेशातल्या एका यात्रेतला अंतिम सामना त्यांनी एकट्यानं ओढून काढला, ही कथा बिल्डिंगीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. दिवाणखान्यात टीव्हीच्या वर ढाल लटकते: लाकडी, मध्ये पितळी पत्रा, त्यावर कोरलेलं 'विजेता'. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली, तेव्हा जुन्या तळमजल्यावरच्या घरात ढाल पाण्याखाली गेली होती. पूर ओसरल्यावर चिखल पुसून पुन्हा टांगली.

इंटर्ननं विचारलं, "आबा, सामन्यात तुम्ही सात गडी बाद केले म्हणता. काही पुरावा?"

आबांनी धोतर वर घेतलं. "हा गुडघा."

इंटर्न विनोदबुद्धीचा नाही. त्यानं लिहून घेतलं: 'गुडघा, डावा. स्थिती: मध्यम. हालचाल मर्यादित. सध्या मालकाजवळ.'

आबांना हुरूप यावा म्हणून तो त्यांना त्यांच्या खेळाचा मोठेपणा सांगायचा. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन कबड्डी आणि देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं करून आली. आबा म्हणाले, "गेली असतील. आमच्या रेफ्रीला नाही ना नेलं कोणी?" बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी मराठीत दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश काढला, गुजरातेत बसून, मराठीत! आबा म्हणाले, "त्यात रेफ्रीवर किती पानं आहेत?" रेफ्री हा विषय आबांच्या बोलण्यात इतका का येतो, हे आम्हाला कोणालाच तोवर उमगलं नव्हतं. जिंकलेला माणूस सहसा रेफ्रीची आठवण काढत नाही.

ते उमगलं ढाल साफ करायला घेतली तेव्हा. इंटर्ननं ती रीतसर उतरवली. टेबलावर टॉवेल, त्यावर ढाल, हातात निळे मोजे, वाटीत डिस्टिल्ड वॉटर, कानात घालायच्या कापसाच्या काड्या. काडी ओली करायची, निथळवायची, पत्र्यावर रगडायची नाही, नुसती फिरवायची; मळली की फेकायची. संध्याकाळभर हे चाललं. आबा सुरुवातीला कौतुकानं बघत होते, मग अस्वस्थ झाले, मग म्हणाले, "पुरे आता, झिजेल." काडी 'विजेता'च्या डावीकडच्या करड्या पट्ट्यापाशी आली. पुराच्या गाळाचा तो पट्टा इतकी वर्षं तसाच बसलेला होता. काडी फिरत गेली, काळी होत गेली, आणि गाळाखालून आधी 'प' निघाला. मग 'उ'.

घरात कोणी बोललं नाही. आई पोळी तव्यावर टाकून बाहेर आली, ती तशीच उभी; पोळी जळली.

आबा म्हणाले, "तुला धुवायला कोणी सांगितली होती?"

पुढचे काही दिवस त्या घरात बोलणी बंद. इंटर्नपुढे मोठा पेच. चिठ्ठीवर खरं तेच लिहायचं, ही तिथली शिकवण. त्यानं आपल्या परीनं समजूत घालून पाहिली. मी तेव्हा तिथेच होतो. म्हणाला, "आबा, खाशाबा जाधव १९५२ला हेलसिंकीत तिसरे आले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आले तेव्हा बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली गावानं. तिसऱ्याची!"

"तिसऱ्याचं वेगळं असतं," आबा म्हणाले. "तिसरा शेवटची कुस्ती जिंकून तिसरा होतो. दुसरा हरून दुसरा होतो."

इंटर्नला चुकीची माहिती सहन होत नाही. "नाही आबा, खाशाबा शेवटच्या दोन्ही हरले. जपानच्या इशीशी लांबलचक कुस्ती झाली आणि लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवसमोर उभं केलं. मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता."

आबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "बघ," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "रेफ्री!"

तोडगा निघाला तो संग्रहालयाच्याच भाषेत निघाला. ढाल पुन्हा टीव्हीवर लागली आणि खाली चिठ्ठी: 'ढाल. लाकूड, पितळ. साधारण १९७०. पुराच्या पाण्याचे डाग, ऑगस्ट २००६. मजकूर अंशतः वाचनीय. निकालाबाबत संशोधन चालू.' आबांना ही शेवटची ओळ फार पसंत पडली. त्यांनी ती इंटर्नकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतली.

अहवाल कॉलेजात गेला. सरांनी 'निष्पत्ती' या रकान्यात काय लिहिलंय तेवढं पाहिलं आणि चार क्रेडिट देऊन टाकली. तिथे थांबायला हवं होतं. पण संशोधन चालू आहे असं एकदा लिहिलं की इंटर्नच्या जातीचा माणूस ते चालू ठेवतो. त्यानं लिंबायतमध्ये चौकशी करून त्या सामन्यातल्या विरुद्ध संघाचा एक खेळाडू शोधून काढला. ऐंशीच्या घरातले, आबांसारखेच पोटासाठी सुरतेत आलेले; दोघं इतकी वर्षं दोन-चार मैलांवर राहत होते आणि एकमेकांना ठाऊक नव्हतं.

ते बाबा परवा रविवारी आले, नातवाच्या मोपेडवर मागे बसून, मांडीवर गाठोडं. गाठोडं होतं चमकी लावलेल्या पॉलिस्टर साडीचं, ते बघूनच इंटर्नचा जीव अर्धा झाला. आत त्यांची ढाल. मुलानं घराच्या वास्तुशांतीला तिला सोनेरी ऑइलपेंट मारून घेतला होता, पत्र्यावर, अक्षरांवर, सरसकट. एक अक्षर वाचता येत नाही. इंटर्न मटकन खाली बसला. "मूळ पृष्ठभाग..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

आबांनी ढाल हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. "यावर कशावरून विजेता लिहिलंय?"

"आम्हीच जिंकलो," बाबा म्हणाले. "एका गुणानं."

"रेफ्री तुमच्या गावचा होता."

"माझा सख्खा मामा होता. म्हणून काय झालं?"

इंटर्ननं थरथरत्या हातानं मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. "बाबा, तुमचं आधी पूर्ण नाव सांगा, आणि मग मामांचं."

"त्याला नाव कशाला हवं?" आबा गरजले. "नंबर दे त्याला!"